गव्हाणीत टाकलं किती, पोटात गेलं किती? (चारा-दूध हिशोब)

निफाड_मुक्तगोठा

नमस्कार मंडळी. ९ दुभत्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई, मुक्तसंचार, अंदाजे वजन ४५० किलो, विऊन सरासरी १४० दिवस. दूध सरासरी १८ लिटर, फॅट ३.३, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.४. एका गाईला रोजचं खाद्य असं:

मक्याचा मुरघास २० किलो
हत्तीगवत (संकरित नेपियर) ८ किलो
सोयाबीन भुसकट १.५ किलो
ज्वारीचा कडबा १ किलो
गोळी पेंड ५ किलो आणि सरकी पेंड १ किलो, भिजवून आंबोण, दोन धारांना अर्धं-अर्धं
मका भरडा १ किलो, गव्हाणीत मुरघासावर भुरभुरून

मुरघास ३३ टक्के, हत्तीगवत २० टक्के आणि बाकी सगळं ९० टक्के कोरडं (पाणी वजा जाता उरणारा भाग) धरलं तर गाईमागे १६.७५ किलो कोरडा चारा होतो. १८ भागिले १६.७५, म्हणजे किलोभर कोरड्या चाऱ्यामागे दूध १.०७. वाचनात १.४ ते १.५ हवं असं येतं. कमी फॅटमुळे डेअरीची कपात बसतेच आहे. बायपास फॅट (कोटीपोटात न विरघळता पुढे जाणारी, खाद्यातून द्यायची चरबी) सुरू करावं की पेंड बदलावी?

कोरडा_हिशोब

भाऊ, पेंड नंतर बघू. १.०७ या आकड्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही एकाच दिशेला ओढत नाहीत.

पहिली, दूध लिटरमध्ये आणि चारा किलोत. १ लिटर दूध म्हणजे साधारण १.०३ किलो, म्हणजे तुमचं दूध १८.५४ किलो.

दुसरी, फॅट हिशोबात घेतलेलं नाही. ३.३ च्या दुधाची आणि ४.२ च्या दुधाची तुलना नुसत्या किलोवर होत नाही. दोन्ही ४ टक्के फॅटवर आणायची: ०.४ गुणिले दूध, अधिक १५ गुणिले फॅटचे किलो. तुमच्याकडे फॅट ०.६१२ किलो निघतं. ७.४२ अधिक ९.१८, म्हणजे १६.६ किलो.

तिसरी सगळ्यात मोठी. ३३ टक्के आणि २० टक्के हे आकडे आले कुठून? मोजलेत की पुस्तकातले? आणि संध्याकाळी गव्हाणीत जी उष्टावळ उरते ती कुठे वजा केलीत? टाकलेला चारा आणि खाल्लेला चारा या दोन गोष्टी आहेत.

मायक्रोवेव्ह असेल तर कोरडेपणा अर्ध्या तासात निघतो. मुरघासाच्या दर्शनी थरातून पाच-सहा ठिकाणचा मूठ-मूठ घ्या, कालवा, त्यातला बरोबर १०० ग्रॅम कागदी ताटलीत पसरा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. ओव्हनच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा, नाहीतर शेवटी काडी पेटते. आधी ३ मिनिटं, मग हलवून १-१ मिनिट, प्रत्येक वेळी वजन. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. उरले तितके ग्रॅम म्हणजे तितके टक्के कोरडा भाग. काळं पडलं तर नमुना फेकून पुन्हा. आंबलेल्या चाऱ्यातली आम्लं उडतात म्हणून आकडा किंचित कमी येतो, तेवढं चालतं. आणि घरच्यांना विचारून करा, वास दोन दिवस जात नाही.

निफाड_मुक्तगोठा

मोजलं. मुरघास २५, हत्तीगवत १५ (कालच पाऊस झाला). उष्टावळ ९ गाईंची मिळून ११ किलो, त्यात बहुतेक कडब्याच्या आणि हत्तीगवताच्या काड्या. तिचा कोरडा भाग ७० टक्के आला.

कोरडा_हिशोब

आता मांडा. मुरघास ५.०, हत्तीगवत १.२, भुसकट १.३५, कडबा ०.९, पेंड आणि भरडा मिळून ६.३. एकूण १४.७५. उष्टावळ गाईमागे ०.८६ गेली. पोटात १३.९ किलो.

१६.६ भागिले १३.९ म्हणजे १.१९. विऊन १४० दिवसांच्या संकरित गाईला १.३ च्या आसपास अपेक्षा ठेवायला हरकत नाही, म्हणजे आकडा कमीच आहे. पण मला त्याहून दोन गोष्टी जास्त दिसतात.

एक, गाय उपाशी आहे. अमेरिकेच्या एनआरसीचं (राष्ट्रीय संशोधन परिषद) २००१ चं सूत्र आहे, गाय दिवसाला किती कोरडं खाईल याचं: ०.३७२ गुणिले ४ टक्क्यांवर आणलेलं दूध, अधिक ०.०९६८ गुणिले वजनाचा ०.७५ घात. ते होल्स्टिनवर बसवलेलं आहे, आपल्या संकरित गाईला अंदाजापुरतं घ्या. ४५० किलोला १५.६ येतं. तुमची १३.९ खाते. पावणेदोन किलो कमी.

दोन, कागदावर खुराकाचा (पेंड आणि भरडा) वाटा ६.३ भागिले १६.७५, म्हणजे ३८ टक्के दिसत होता. प्रत्यक्षात ६.३ भागिले १३.९, म्हणजे ४५ टक्के. ओला मुरघास आणि न खाल्लेल्या काड्या यांनी वैरण कमी केली, पेंड तेवढीच राहिली. फॅट ३.३ का, याचं उत्तर बऱ्यापैकी इथेच आहे. त्यात बायपास फॅट ओतून काय होणार?

मुरघास_येवला

२५ टक्के म्हणजे मका लवकर कापलाय. कणीस मोडून दाणा उभा चिरला की कडक पिवळा भाग आणि दुधाळ भाग यांच्यामधली रेषा दिसते. ती अर्ध्यावर ते दोन-तृतीयांशावर उतरली की कापायचं, तेव्हा झाड ३० ते ३५ टक्के कोरडं असतं. आपल्याकडे कांद्याची लागवड अंगावर आली म्हणून मका दुधातच काढतात. बॅगेतून पाणी गळतं, त्या पाण्यासोबत साखर आणि प्रथिनं जातात, आणि किलोच्या भावात आपण पाणी विकत घेतो. विकत घेत असाल तर भाव कोरड्या भागावर ठरवा. ३३ टक्क्यांचा १ किलो म्हणजे २५ टक्क्यांचा १.३२ किलो.

या वर्षीचा मुरघास आता बदलत नाही. तेवढ्याच कोरड्या भागासाठी २० किलोच्या जागी २६ किलो द्यावा लागेल.

दिंडोरी_दूधवाला

२६ किलो ओलं गाईच्या पोटात मावेल का राव? त्यापेक्षा कडबा वाढवा ना.

कोरडा_हिशोब

मावतं. पाणी कोटीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) अडून राहत नाही, जागा अडवतो तो न पचलेला लांब तंतू. पण तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे: २३-२४ किलो मुरघास आणि कडबा दीड किलो असं केलं तरी जमतं. अट एकच, कडबा खाल्ला गेला पाहिजे. आत्ता तो निवडून बाजूला टाकला जातोय. कुट्टी किती लांब आहे?

निफाड_मुक्तगोठा

८ ते १० सेंटिमीटर. लांब ठेवली की रवंथ चांगला होतो असं ऐकून मुद्दाम ठेवली आहे.

चाळणीबाई

लांब काडीने रवंथ होतो हे खरं. पण पोटात गेलेल्या काडीने. गव्हाणीत राहिलेल्या काडीने फक्त उकिरडा वाढतो.

गाईचा वरचा ओठ म्हशीसारखाच जाड असतो, पण जीभ आणि नाक फार चलाख. तोंडाने ढकलून ढकलून ती खड्डा पाडते आणि खाली बसलेला भरडा, दाणे, बारीक चुरा आधी वेचते. गव्हाणीत असे वाडग्यासारखे खड्डे दिसले की समजायचं निवडानिवड चालू आहे. नंतर उरलेल्या काड्या येतात दबलेल्या गाईंच्या आणि पहिलारूंच्या (पहिल्यांदा व्यालेल्या गाईंच्या) वाट्याला. एकाच गोठ्यात एका गाईला आम्लता आणि दुसरीला कुपोषण असं चित्र दिसतं ते यामुळे, आणि दुधाच्या सरासरीत दोन्ही झाकलं जातं.

मोजायला पेन स्टेट चाळणी वापरतात. वरून १९ मिमी, ८ मिमी, ४ मिमी आणि खाली बंद तळ. साधारण दीड लिटर मावेल एवढा नमुना, सपाट जागेवर एका बाजूने ५ झटके, पाव वळण, पुन्हा ५, असं दोन फेऱ्यांत एकूण ४० झटके. झटका वीतभर लांब, उभा हादरा नाही. मिश्र आहारासाठी ढोबळ मापं: वरच्या चाळणीत २ ते ८ टक्के, दुसरीत ३० ते ५०, तिसरीत १० ते २०, तळाला ३० ते ४०.

घरी बनवायची असेल तर एक सावधगिरी. नुसत्या पातळ पत्र्याला भोकं पाडली की लांब काडी उभी होऊन निसटते. मूळ चाळणीची वरची पाटी १२ मिमी आणि दुसरी ६ मिमीच्या आसपास जाड असते, ती त्याचसाठी. जाड प्लायवूड किंवा ॲक्रिलिक घ्या.

नमुना दोनदा: टाकल्याबरोबर एक, ३ तासांनी त्याच गव्हाणीतून एक. वरच्या चाळणीचा आकडा ५ टक्क्यांहून जास्त चढला तर गाई निवडतात.

निफाड_मुक्तगोठा

ओळखीच्या पशुवैद्यकांकडे चाळणी होती. टाकताना: १६, ३६, १५, ३३. तीन तासांनी: २९, ३४, १२, २५.

चाळणीबाई

वर १६ चे २९. यापेक्षा स्पष्ट काय हवं. कुट्टी २ ते ३ सेंटिमीटर करा. रवंथाला तेवढी पुरते. आणि भरडा वरून भुरभुरणं आजपासून बंद, तो मुरघासात कालवूनच गेला पाहिजे.

आंबोण_जिंदाबाद

सगळं खरं, पण आंबोणाला हात लावू नका. भिजवलेली पेंड हलकी होते, पचते, गाय पान्हा सोडते. वाडवडिलांपासून चालत आलंय.

कोरडा_हिशोब

पान्ह्यासाठी पसाभर द्या की, कोण नाही म्हणतं. धारेच्या वेळी १ किलो. पण ३ किलो भिजवलेली पेंड गाय चार-पाच मिनिटांत न चावता गिळते. चावणं नाही म्हणजे लाळ नाही. गाय दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ गाळते आणि त्या लाळेतला सोडा हाच कोटीपोटाचा खरा बफर आहे. ३ किलो पीठ एका दमात आणि वर रिकामं पोट असलं की आम्ल एकदम चढतं. सामू (पीएच) ५.८ च्या खाली गेला आणि तासन् तास तिथे राहिला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. म्हणजे वैरणीतून मिळायचं तेही मिळत नाही. फॅट पडतं, शेण कधी पातळ कधी घट्ट, त्यात बुडबुडे आणि अख्खे दाणे, आणि दोन-तीन महिन्यांनी खुरं बिघडतात. तेव्हा लंगडण्याचा संबंध आंबोणाशी कुणी जोडत नाही.

वाडवडिलांची गाय ४ लिटर दूध द्यायची आणि तिला अर्धा किलो आंबोण होतं. तेवढ्याला काहीच होत नाही.

आंबोण_जिंदाबाद

बरं, १ किलो धारेला. उरलेली ४ किलो कुठे?

कोरडा_हिशोब

गव्हाणीतल्या मिश्रणात, तीन वेळांत वाटून. मिक्सर नसेल तर कोब्यावर मुरघास पसरा, वर कडबा-भुसकटाचा थर, मग हत्तीगवताची कुट्टी, शेवटी पेंड आणि भरडा. खनिज मिश्रण (गाईमागे १०० ते १५० ग्रॅम) आणि मीठ आधी ४-५ किलो भरड्यात कालवून घ्या, नाहीतर एका गाईला मूठभर आणि दुसरीला शून्य. फावड्याने तीन वेळा पालटी. मिक्सर असेल तर उलटी भीती, जास्त फिरवलं की काडीचं पीठ होतं.

दिंडोरी_दूधवाला

वरून पाणी शिंपडा. काड्यांना चुरा चिकटतो आणि निवडता येत नाही. टीएमआरच्या (सगळं कालवून एकत्र द्यायच्या आहाराच्या) प्रत्येक व्हिडिओत सांगतात.

चाळणीबाई

सुक्या आहाराला ते चालतं, म्हणजे मिश्रण ५५-६० टक्के कोरडं असेल तेव्हा. यांच्या गव्हाणीतलं मिश्रण ३१.५ किलोला ९.३५ किलो कोरडं, म्हणजे ३० टक्के. आधीच चिंब आहे. आणखी पाणी टाकलं तर दुपारपर्यंत आंबून गरम होईल आणि गाय तोंड फिरवेल. कडबा-भुसकटावर चालणाऱ्या सिन्नर-येवल्याकडच्या उन्हाळी गोठ्यांना मात्र शिंपडण्याचा फायदा होतो.

गव्हाण_मिस्त्री

चाऱ्यावर पंधरा पोस्ट झाल्या, गव्हाणीवर एकही नाही.

गव्हाणीचा तळ गाईच्या पायाच्या पातळीपेक्षा १० ते १५ सेंटिमीटर वर, त्याहून उंच नको. मान खाली घालून खाताना लाळ जास्त सुटते आणि गाय चारा उडवतही नाही. छातीइतक्या उंच हौदात खाणारी गाय तोंड वर करून झटकते, ती सवय नसून गव्हाणीचा दोष आहे. तळ गुळगुळीत हवा. खडबडीत सिमेंटमध्ये जुना चारा अडकून बुरशी धरतो आणि वरचा ताजा चाराही वास मारतो. आम्लामुळे साधा कोबा दोन-तीन वर्षांत झिजतोच, फरशी बसवा.

गाईमागे किमान ६० सेंटिमीटर जागा, नुकत्या व्यालेल्या गाईंना ७५. मुक्तगोठ्यात ९ गाईंना ४ मीटर गव्हाण ठेवून "सगळ्या खातात" म्हणणारे खूप आहेत. खातात, पाळीपाळीने. आधी दांडग्या. शेवटच्या दोन गाई घाईत मोठे घास गिळतात आणि त्यांचाच रवंथ कमी पडतो. पहिलारूंचा कप्पा वेगळा करता आला तर सगळ्यात उत्तम.

चारा टाकल्यावर गाय तो पुढे ढकलते आणि तिची जीभ पोचत नाही. चारा समोर दिसतो म्हणून मालक निश्चिंत असतो. टाकल्यावर पाऊण-एक तासाने पहिला, मग दर दोन-तीन तासांनी आत ओढा. रात्री झोपायच्या आधीचा ओढा चुकवू नका.

कोरडा_हिशोब

मिस्त्री, बरं झालं लिहिलंत. त्याला जोडून: गाय दिवसात ९ ते १४ वेळा गव्हाणीवर येते, मिळून ३ ते ५ तास खाते, ७ ते १० तास रवंथ करते आणि १२ तासांच्या आसपास बसते. हे घड्याळ मोडलं की चारा कितीही चांगला असो, दूध मोडतं. धार काढल्यावर लगेच ताजा चारा समोर हवा. गाय अर्धा-पाऊण तास उभी राहते, तोवर सडाचं तोंड मिटतं, दगडीचा (कासदाहाचा) धोकाही कमी होतो.

रवंथ मोजणारे पट्टे-बिल्ले विकत न घेता तपासायचं असेल तर खाणं झाल्यावर दोन तासांनी निवांत बसलेल्या गाई मोजा. निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका घासाला ५० ते ६० वेळा चावलं तर ठीक, ४० च्या खाली म्हणजे काडी कमी.

शेणही धुवून बघा. मूठभर शेण पिठाच्या चाळणीत नळाखाली धुवा. मक्याचे दाणे राहिले तर भरडा जाड आहे किंवा मुरघासात दाणा फुटलेला नाही. बोटाच्या पेराएवढे तंतू राहिले तर चारा पोटातून घाईने पुढे सरकतोय.

लासलगाव_काका

खराब कांदा फुकट मिळतो, तो बसवता येईल का यात?

चाळणीबाई

काका, जपून. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी तांबड्या पेशी फुटतात. एकूण कोरड्या आहाराच्या २५ टक्क्यांवर तर कधीच जाऊ नये, आणि दुभत्या गाईला त्याच्या पुष्कळ खाली ठेवायचं. रोज ४-५ किलोपासून हळूहळू, धार काढल्यानंतर, धारेआधी नाही, नाहीतर दुधाला वास आणि डेअरीवर परत. काळी बुरशी धरलेला अजिबात नको. आणि चिरून द्या, अख्खा लहान कांदा अन्ननलिकेत अडकतो आणि गाय तासाभरात फुगते. लघवी लाल-तपकिरी झाली किंवा डोळ्याच्या आतली कड पांढरी दिसली तर लगेच बंद करून डॉक्टर.

फुकट आहे म्हणून पोटभर टाकला जातो, गोंधळ तिथेच होतो. कांद्यात पाणीच जास्त. १० किलोत सव्वा किलोही कोरडा भाग नसतो.

दिंडोरी_दूधवाला

आणि उन्हाळ्यात? एप्रिल-मे मध्ये चारा तोच, मोजमाप तेच, तरी गाई कमी खातात.

कोरडा_हिशोब

खाल्लेलं पचवतानाही उष्णता तयार होते, म्हणून गाय स्वतःच हात आखडते. ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असली की उष्णता-आर्द्रता निर्देशांक ८३ च्या घरात जातो. जास्त दुधाच्या गाईला ६८ पासूनच त्रास सुरू होतो. दिवसाच्या चाऱ्याचे ६० टक्के संध्याकाळी सात ते पहाटे सहा या वेळात टाका, दुपारी थोडंच. गव्हाणीवर सावली हवी, नुसती बसायच्या जागेवर नको. पाणी दुधाच्या लिटरमागे ४-५ लिटर, आणि टाकी उन्हात असेल तर ती झाका. गाय तापलेलं पाणी पीत नाही, आणि पाणी कमी पडलं की खाणं कमी पडतंच.

निफाडच्या थंडीची काळजी करू नका. ६ अंशांत धार काढणारा कुडकुडतो, गाय मजेत खाते.

मुरघास_येवला

बॅग किंवा खड्डा उघडल्यावर दर्शनी थर उन्हाळ्यात रोज किमान १५ सेंटिमीटर तरी उचलला गेला पाहिजे. हात आत घालून गरम लागला तर हवा शिरली आहे. गाई कमी असतील तर मोठ्या खड्ड्यापेक्षा बॅगाच बऱ्या. कडेची पांढरी-निळी बुरशी कालवून टाकायची नाही. काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं आणि दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. सरकी पेंडीलाही हेच लागू, पावसाळ्यात ओल्या गोदामातली घेऊ नका.

सिन्नर_नवशिका

मग १.५ आकडा कुणाला मिळतो? की नुसता कागदावर?

कोरडा_हिशोब

मिळतो, विऊन दीड-दोन महिन्यांच्या भारी गाईंना. पण त्यात फसगत आहे. ताजी व्यालेली गाय अंगातली चरबी जाळून दूध देते. चारा कमी, दूध जास्त, आकडा फक्कड, आणि गाय बरगड्या दाखवत माजावर येत नाही. उलट २५० दिवसांवरची गाभण गाय १.१ दाखवते कारण ती अंग भरते. पहिलारू अजून वाढत असते, तीही कमी दाखवते. म्हणून आकडा कप्प्यानुसार आणि अंगस्थितीसोबत वाचायचा.

सारखं दूध देणाऱ्या दोन गाईंच्या खाण्यातही फरक असतो आणि तो काही अंशी वंशात उतरतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून वळूंच्या मूल्यांकनात "फीड सेव्ह्ड" (वाचलेला चारा) हा गुण देतात. आपल्याला मात्र आधी स्वतःची उष्टावळ मोजायला शिकलं पाहिजे.

निफाड_मुक्तगोठा

ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. कुट्टी २.५ सेंमी. कडबा १.५ किलो, मुरघास २४ किलो. आंबोण धारेला १ किलो, बाकी पेंड मिश्रणात तीन वेळा. खायचा सोडा रोज १०० ग्रॅम. बायपास फॅट नाही. उद्यापासून सगळं.

चाळणीबाई

उद्यापासून फक्त कुट्टी आणि चारा ओढणं. पेंडीची वाटणी आणि मुरघासाची वाढ १० ते १४ दिवसांत टप्प्याटप्प्याने. जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. सोडा महिनाभर थांबवा. सगळं एकदम केलं तर फॅट चढल्यावर कशाने चढलं हे कळणार नाही आणि सोड्याचा खर्च जन्मभर चालू राहील.

उष्टावळ रोज तोला, टाकलेल्याच्या ३ ते ५ टक्के उरायला हवी. गव्हाण चाटून साफ म्हणजे गाय उपाशी आहे. "माझ्याकडे काहीच वाया जात नाही" हे अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

निफाड_मुक्तगोठा

कुट्टी मशीनला दोन पाती आहेत. लांबी कमी करायला गिअर बदलायचा का?

गव्हाण_मिस्त्री

आधी दोन्ही पाती खरंच चालू आहेत का बघा. ८-१० सेंमी येतंय म्हणजे बहुधा एक काढून ठेवलंय, एकाच पात्यावर लांबी दुप्पट होते. दुसरं बसवून ४-५ वर आली की आत ओढणाऱ्या रुळाचा गिअर हळू वेगावर टाका. पातं आणि खालची स्थिर पट्टी यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट, दोन्ही टोकांना सारखी. फट वाढली किंवा धार गेली की काडी कापली न जाता चिंबते आणि टोकाला झिरमिळ्या येतात. मेन स्विच बंद करून, चाकाला लाकडी ओंडका लावूनच हात घाला.